भरीचं काम

कविता लिहिणाऱ्या माणसाला भरीचा शब्द बरोबर ओळखता येतो. वृत्तात एखादी मात्रा कमी पडली, की तिथं एखादा 'ही', एखादा 'तो', एखादा 'जणू' आणून बसवायचा. ओळ मोजून भरते आणि म्हणताना अडत नाही. गझलेतही असे शेर असतात. पाच तरी हवेत, सुचलेले चारच, मग पाचवा भरतीचा. मीही असे पुष्कळ शब्द भरले आहेत. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ओळीवर ठेचकाळून कुणाचा पाय मोडत नाही.

आज मी तुम्हाला एका वेगळ्या भरीची गोष्ट सांगणार आहे. ती भर मी आमच्या घरातल्या जमिनीत घातली आणि तिच्यामुळे माझी ऐंशी वर्षांची आई पडता पडता वाचली.

मिरजेतलं आमचं घर जुनं आहे. सगळीकडे शहाबादी फरशी. उन्हाळ्यात तिच्यावर आडवं व्हावं आणि जगाला विसरावं. पण थंडीत तीच फरशी अम्माच्या गुडघ्यांत शिरायची. मोजे घाला, सतरंजी टाका, काही केल्या तक्रार जाईना. मुलगा पुण्यात नोकरीला लागला. पहिल्या वर्षाच्या शिलकीतून काय करावं, असं त्यानं मला विचारलं नाही. एका मे महिन्यात तो दोन माणसं आणि खोक्यांचा ढीग घेऊन आला. दीड दिवसात दादीच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग करून पुण्याला परतलासुद्धा. अम्मानं अनवाणी पाय त्यावर ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे." तेवढ्या दोन शब्दांत त्याचे पैसे वसूल झाले.

'लाकडी' हा शब्द मी सवयीनं वापरला. तो अर्धाच खरा आहे. या फ्लोअरिंगला लॅमिनेट म्हणतात. पर्स्टॉर्प या स्वीडनमधल्या कंपनीनं १९७७ साली ते शोधून काढलं. त्याच्या पट्टीत चार थर असतात. तळाला तोल सांभाळणारा एक थर. त्यावर मुख्य गाभा, म्हणजे लाकडाचे तंतू राळेबरोबर प्रचंड दाबाखाली दाबून केलेला घट्ट तक्ता. गाभ्यावर छापील कागद आणि त्या कागदावर मेलामाइनचं पारदर्शक, कडक कवच. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो, त्याच कुळातलं हे प्रकरण. पट्टीवर सागाच्या रेषा, गाठी, छटा दिसतात, तो सागाचा फोटो असतो. लाकडाच्या चुऱ्यावर लाकडाचा फोटो चिकटवलेला आणि वर काचेसारखं आवरण. हे मला सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं, तर पुढचा निम्मा घोळ टळला असता.

पहिला पावसाळा बरा गेला. दाराजवळच्या एका जोडावर पाय पडला की खालून 'टक्' असा आवाज यायचा, एवढंच. नवीन वस्तू आवाज करतेच, म्हणून मी कानाआड केलं. जानेवारीत दोन गोष्टी घडल्या. अम्माच्या हातातून लोखंडी अडकित्ता निसटून जमिनीवर पडला आणि एका पट्टीवर बोटाच्या पेराएवढी खोक पडली, तिच्यातून केसासारखी चीर गेली. त्याच सुमारास दाराजवळच्या त्या 'टक्' करणाऱ्या जोडात फट दिसू लागली. पोस्टकार्ड उभं घातलं तर आत जाईल एवढी.

मुलाचा फोन यायचा. "अब्बा, दादीच्या खोलीची जमीन कशी आहे?"

मी म्हणायचो, "मस्त."

पोराच्या पहिल्या कमाईची वस्तू. तिला आठ महिन्यांत भेग पडली, हे कसं सांगणार? मी ठरवलं, आपणच दुरुस्त करू. हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं वुड फिलरचा डबा पुढं केला आणि विचारलं, "सागवानी रंग देऊ की अक्रोडी?" मला तो प्रश्न फार आवडला. भेगेलासुद्धा रंग विचारणारा धंदा म्हणजे दिलदार धंदा!

आता वुड फिलर म्हणजे काय, तर लाकडातल्या भेगा, खिळ्यांची भोकं, उडालेले टवके भरायची लुगदी. आपले सुतार पूर्वी लाकडाचा भुसा आणि सरस कालवून हेच करायचे. पुढे सरसाच्या जागी पांढरा डिंक आला. रंगारी खडूच्या पुडीची लांबी भरतात, तीही याच घराण्यातली. बाजारात मिळणारे फिलर काही पाण्यात कालवलेले असतात. ते वापरायला सोपे, पण वाळताना आकसतात. काही दोन नळ्यांतलं मिश्रण एकत्र करून वापरायचे इपॉक्सीचे. ते दगडासारखे घट्ट होतात, पण हात भराभर चालवावा लागतो. मी पहिला प्रकार आणला.

खोक भरली. खोलगट राहू नये म्हणून जरा उंचच भरली. सुकल्यावर रंग पट्टीपेक्षा फिका निघाला आणि जागेवर टेंगूळ आलं. लहानपणापासून सुतार बघितलेले. टेंगूळ आलं की पॉलिश पेपर मारायचा, हे मला माहीत होतं. मी मारला. चार हात फिरवले, पाचव्याला फिलर सपाट झाला. सहाव्याला सागाच्या रेषा गायब झाल्या. पाहतो तर तळहाताएवढा पांढुरका डाग. मी फोटो खरवडला होता. खऱ्या सागाच्या फळीला कितीही घासा, खाली सागच निघतो. इथं कागदाखाली नुसता भुश्याचा तक्ता. त्या डागावर मी एक चटई टाकली.

पण हात आता थांबायला तयार नव्हता. दाराजवळच्या जोडातली फट होती, तीही भरली. उंबऱ्याशी, जिथं फ्लोअरिंग संपतं आणि शहाबादी सुरू होते, तिथं करंगळी जाईल एवढी मोकळी जागा होती. कारागिरांनी तिच्यावर धातूची पट्टी लावायची सोडून दिली होती. त्यातून धूळ जायची, मुंग्या यायच्या. मी मनात म्हटलं, किती निष्काळजी माणसं! आणि उरलेला सगळा डबा त्या जागेत दाबून दाबून भरला. वरून ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. सगळं एकसंध आणि गुळगुळीत झालं. त्या रात्री मी स्वतःवर खूश होतो.

जून उजाडला. पावसाची झड लागली, भिंतींना ओल आली, मिठाला पाणी सुटलं. एके दिवशी पहाटे अम्मा वॉकर घेऊन उठली. दाराजवळच्या जोडाशी जमीन उचलली गेली होती, पालथ्या पुस्तकासारखी. त्या उंचवट्याच्या टोकाशी माझ्या फिलरचे तुकडे बाहेर आले होते. वॉकरचा पुढचा पाय त्यात अडकला. अम्माच्या हाताला दाराची चौकट लागली, म्हणून ती वाचली. ऐंशीच्या वयात पडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात वडीलधारं माणूस आहे त्यांना मी सांगायला नको. ती काही बोलली नाही. चौकट धरून उभी राहिली आणि मला हाक मारली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्याच दिवशी मी सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. त्या गल्लीत माझ्या ओळखीचे एक म्हातारे कारागीर आहेत, मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याकडे कोपऱ्यात बरण्यांची रांग असते, एकेका बरणीत एकेका लाकडाचा भुसा. ज्या लाकडाला चीर, त्याच लाकडाचा भुसा. मला वाटलं, भेगा भरण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना चांगला फिलर माहीत असेल. आमचं बोलणं दखनीत झालं, तुम्हाला मराठीत सांगतो.

मी विचारलं, "चाचा, पक्का फिलर कुठला?"

ते म्हणाले, "भेग लाकडातली आहे की सांध्यातली?"

मला फरक कळला नाही. ते छत्री घेऊन माझ्याबरोबर निघाले. खोलीत आल्यावर खाली वाकलेसुद्धा नाहीत. छत्रीच्या दांड्यानं जमिनीवर ठिकठिकाणी ठोकत गेले. सगळीकडे भरीव आवाज. दाराजवळ आल्यावर आवाज बदलला. तंबोरा ठोकून बघणारा कान तो! म्हणाले, "इथं खाली पोकळ आहे." मग उंबऱ्याशी आले, माझ्या गुळगुळीत कामाकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणी भरलं?"

"मी."

"कशासाठी?"

"फट होती."

"फट नव्हती, शायर. जागा होती."

मग त्यांनी मला समजावलं ते असं. लाकूड कापा, वाळवा, भुसा करून दाबा. पावसाळ्यात ते हवेतली ओल पिऊन वाढणार आणि उन्हाळ्यात आकसणार. म्हणून अशी जमीन भिंतीला टेकवत नाहीत. चारी बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर अंतर सोडतात आणि ते स्कर्टिंगखाली किंवा पट्टीखाली झाकतात. पट्ट्या खालच्या फरशीला चिकटवलेल्या नसतात, एकमेकींत खाचेनं अडकवलेल्या असतात. सगळी जमीन एका अखंड तक्त्यासारखी तरंगत असते आणि ऋतूप्रमाणे हलते. आमच्या खोलीत पलीकडच्या बाजूला अम्माचं लोखंडी कपाट त्या जमिनीवर उभं होतं, त्यामुळे ती बाजू आधीच दाबलेली. हलायला उरली होती ती उंबऱ्याकडची करंगळीएवढी जागा. कारागिरांनी केलेलं तेवढं एक काम अगदी बरोबर होतं आणि मी तेच बुजवलं. पावसाळ्यात जमीन वाढली. इकडे कपाट, तिकडे माझा फिलर. मग ती सगळ्यात कमजोर जागी वर उचलली गेली.

आणि कमजोर जागा ती पोकळीची. खालची शहाबादी फरशी दाराजवळ खचलेली होती. अशा जमिनीखाली दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली, तर साधारण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा चालत नाही. आमच्याकडे बोट जाईल एवढा होता. पायाखाली जोड रोज वाकत होता, त्याच्या खाचेची जीभ तुटली होती. तो 'टक्' हा त्याचाच आवाज. जी फट मी भरली, ती तुटलेल्या सांध्याची होती. तिच्यात जगातला कुठलाही फिलर टिकला नसता, कारण दोन्ही बाजू हलत होत्या.

चाचांनी ओळखीचा सुतार पाठवला. त्यानं कपाट बाहेर काढलं आणि उंबऱ्याची माझी भर पटाशीनं खरवडून काढली. शेवटचा तुकडा निघाला तसा तो उंचवटा आपोआप निम्मा खाली बसला. मग दाराच्या बाजूनं पट्ट्या एकेक ओळ सोडवत आणल्या. खळग्यात पातळ सिमेंटचा भराव करून सपाटी केली. तो वाळेपर्यंत अम्मा माझ्या खोलीत झोपली. नशिबानं मुलानं खोक्यातल्या उरलेल्या चार पट्ट्या माळ्यावर ठेवल्या होत्या. जीभ तुटलेल्या दोन पट्ट्यांच्या जागी नव्या बसल्या. बसवण्याआधी त्या दोन दिवस खोलीत नुसत्या पसरून ठेवल्या, कारण पट्टीला खोलीच्या हवेची सवय व्हावी लागते. उंबऱ्याशी परत जागा सोडली आणि या वेळी तिच्यावर धातूची पट्टी आली. ही पट्टी फक्त खालच्या फरशीला स्क्रूनं पक्की केली, तरंगत्या जमिनीला नाही. कपाट शेजारच्या खोलीत गेलं.

मग फिलर कुठंच वापरायचा नाही का? वापरायचा. घाव पट्टीच्या अंगावर असेल आणि पट्टी स्थिर असेल, तर फिलर उत्तम काम करतो. अडकित्त्यानं आणखी एका पट्टीवर टवका उडवला होता, तो मी सुताराच्या देखरेखीखाली भरला. तुमच्याकडे असं फ्लोअरिंग असेल तर ही पद्धत लक्षात ठेवा.

आधी टवक्यातली धूळ कोरड्या ब्रशनं काढा, सुटलेले कंगोरे हलक्या हातानं काढून टाका. आत पाणी ओतू नका. दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे भोवतालच्या कवचावर फिलर पसरणार नाही. लॅमिनेटसाठी म्हणून मिळणारा फिलर घ्या आणि त्याचा रंग उरलेल्या तुकड्यावर लावून, वाळवून बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. गरज वाटली तर दोन छटा मिसळा. भरताना लोखंडी पात्याऐवजी प्लॅस्टिकचं पातं किंवा जुनं कार्ड वापरा. खोल खड्डा एकदम भरू नका. पातळ थर द्या, तो वाळू द्या, मग दुसरा द्या, कारण फिलर आकसतो. वरचा जादा फिलर ओला असतानाच, डब्यावर सांगितल्याप्रमाणे फडक्यानं पुसून घ्या. वाळल्यानंतर घासायचं म्हणजे फोटो खरवडणं आलं. नंतर एक दिवस त्यावर पाय ठेवू नका. नुसता ओरखडा असेल तर फिलरही नको, रंगीत मेणकांडी पुरते.

पट्टीच्या कडा फुगल्या असतील, तर मात्र भरू नका. ओल गाभ्यात शिरलेली असते आणि फुगलेला गाभा पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत अशा दाबलेल्या लाकडाची कपाटं किती घरांतून बाहेर काढून टाकावी लागली, ते आपण पाहिलं आहे. तिथं पट्टी बदलणं हाच उपाय. म्हणून ही जमीन पुसताना पोछा घट्ट पिळून घ्या, बादली ओतून धुऊ नका. आणि जोडांत फट दिसली, तर भरण्याआधी ती का पडली ते शोधा. पाय देऊन बघा, ठोकून बघा, भिंतीशी जागा आहे का बघा. जीभ शाबूत असेल आणि पट्ट्या नुसत्याच सरकल्या असतील, तर त्या ठोकून पुन्हा जवळ आणता येतात.

गणपतीच्या सुट्टीत मुलगा आला. दोन महिने फोनवर मी 'मस्त'च म्हणत होतो. त्या दिवशी मात्र त्याला दादीच्या खोलीत नेलं, चटई गुंडाळली आणि तो पांढरा डाग दाखवला. उंबरा दाखवला, दाराजवळचा जोड दाखवला, जूनमधली पहाट सांगितली. तो उकिडवा बसला. डागावरून अंगठा फिरवला.

"पॉलिश पेपर मारलात?"

"हो."

"मला का सांगितलं नाहीत?"

"तुझ्या पहिल्या पैशांतलं होतं. वाईट वाटलं असतं तुला."

तो बराच वेळ खालीच बघत होता. मग म्हणाला, "अब्बा, खालची फरशी खचलेली आहे, हे त्या लोकांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. सपाटी करायला वेगळे पैसे आणि आणखी दोन दिवस लागतील म्हणाले. माझ्याकडे दोन्ही नव्हते. मी म्हटलं, राहू दे, तसंच करा. तुम्हाला बोललो नाही."

आम्ही दोघं गप्प. अम्मा पलंगावर बसून सुपारी कातरत होती. आमच्याकडे न बघताच ती म्हणाली, "म्हणजे दोघांनी मिळून मला पाडलं असतं."

मग अडकित्ता बाजूला ठेवून मला म्हणाली, "आणि ती चटई आता परत टाकू नकोस. पाय अडकतो तिच्यात."

चटई आम्ही माळ्यावर टाकली. डाग आहे तिथंच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)